भाडं, वीजबिल आणि भीती

जून २०२५ मध्ये न्यू जर्सीत वीज १७ ते २० टक्क्यांनी महागली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. गव्हर्नरपद आणि विधानसभेच्या सगळ्या ८० जागा पणाला लागल्या होत्या. जर्सी सिटीपासून एडिसनपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांच्या दारात जी प्रचारपत्रकं येऊन पडली, त्यांत दोन विषय हटकून असायचे. पहिला विषय परवडणारं जगणं. दुसरा आपल्या वस्तीतल्या माणसांचं संरक्षण, विशेषतः स्थलांतरितांचं. हे दोन विषय वेगवेगळे छापले जातात, पण जगताना ते वेगळे राहत नाहीत. मला हा लेख त्यासाठीच लिहावासा वाटला.

अमेरिकेच्या राजकारणाकडे आपण वॉशिंग्टनच्या खिडकीतून पाहतो. पण भाडेकरूचे हक्क, विजेच्या दरांचे नियम, लोकलचं तिकीट, गावाचा पोलीस कोणाला काय विचारू शकतो, हे सगळं बव्हंशी राज्याच्या राजधानीत, म्हणजे ट्रेन्टनला ठरतं. राज्याचे ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून दोन आमदार जातात. मुदत दोन वर्षांची. वर्षानुवर्षं त्यांचा पगार ४९,००० डॉलर होता, तो २०२६ पासून ८२,००० झाला. आधीच्या तुटपुंज्या पगारामुळे बहुतेक आमदार वकिली, शिक्षकी किंवा धंदा सांभाळून हे काम करत आले आहेत. अशा माणसानं पत्रकावर लिहिलेलं प्रत्येक वचन वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हे त्याच्या हातात आहे का?

यापूर्वी हा प्रश्न विचारायची फारशी गरजच पडत नसे. न्यू जर्सीच्या प्राथमिक निवडणुकीची मतपत्रिका निराळी असायची. काउंटीच्या पक्षसंघटनेनं पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, सिनेटपासून स्थानिक पदांपर्यंत, एकाच रांगेत एकाखाली एक छापले जात. बाकीचे कुठेतरी दूरच्या रकान्यात, कधी मध्ये रिकामे चौकोन सोडून. मतदाराची नजर त्या भरगच्च रांगेवरून खाली उतरायची आणि रांगेतला माणूस निवडून यायचा. म्हणजे उमेदवाराला मतदारापेक्षा काउंटीच्या पक्षाध्यक्षाची मर्जी राखणं जास्त मोलाचं. अँडी किम यांनी सिनेटची उमेदवारी लढवताना या रांगेविरुद्ध दावा लावला. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीपुरती तिला मनाई केली, आणि पुढच्या वर्षी राज्यानं मतपत्रिकेचा कायदाच बदलला. आता पदानुसार नावं छापली जातात. माझ्या मते २०२५ च्या प्रचारात धोरणांना जे वजन आलं, त्याच्या मुळाशी महागाईइतकाच मतपत्रिकेतला हा बदल आहे.

बत्तिसावा मतदारसंघ पाहा. हडसन नदीच्या काठावरचं होबोकन आणि जर्सी सिटीचा काही भाग यात येतो. समोर मॅनहॅटन, त्यामुळे भाडी आभाळाला भिडलेली. इथून होबोकनचे तेव्हाचे महापौर रवी भल्ला आणि राज्याच्या गृहवित्त संस्थेत काम केलेल्या केटी ब्रेनन विधानसभेत गेले. भल्ला पगडीधारी शीख. जानेवारी २०१८ मध्ये महापौरपदाची शपथ घेतली त्या दिवशीच त्यांनी होबोकन हे सर्वांचं स्वागत करणारं शहर असल्याचा आदेश काढला होता. शहर चालवलेला माणूस राज्यात जातो तेव्हा शहराचे हात कुठे बांधलेले असतात, हे त्याला शिकवावं लागत नाही.

विजेचंच बघू. बिलावर दोन मोठ्या रकमा असतात, एक वीज पुरवण्याची आणि एक ती तारांवरून घरापर्यंत आणण्याची. २०२५ ची वाढ मुख्यतः पहिल्या रकमेत झाली. न्यू जर्सीनं १९९९ च्या कायद्यानं वीजनिर्मिती आणि वितरण वेगळं केलं. वितरण कंपन्या वीज बाजारातून घेतात, आणि हा बाजार चालवते पीजेएम नावाची संस्था, जिच्या जाळ्यात १३ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन येतात. ऐन मागणीच्या दिवशी वीज कमी पडू नये म्हणून पीजेएम निर्मिती केंद्रांची क्षमता लिलावानं आधीच राखून ठेवते. २०२४-२५ साठी त्या लिलावाचा भाव मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलर होता. पुढच्या वर्षासाठी तो २६९.९२ झाला, म्हणजे नऊपटीहून जास्त. जुनी केंद्रं बंद पडत होती, नवी वीज जाळ्याला जोडून मिळायला वर्षं लागत होती, आणि त्यात डेटा सेंटरची अफाट मागणी येऊन पडली. ट्रेन्टनचा आमदार हा लिलाव थांबवू शकत नाही. तो काय करू शकतो, तर डेटा सेंटरना वेगळा दर लावून त्यांचा खर्च घरगुती ग्राहकावर पडू न देणं, राज्यात नवी निर्मिती उभी करणं, आणि राज्याच्या निधीतून बिलात सूट देणं. मिकी शेरिल यांनी गव्हर्नरपदाच्या प्रचारात वीजदरांबाबत आणीबाणी जाहीर करण्याचं वचन दिलं आणि त्या जिंकल्या. दर गोठवणं ऐकायला छान वाटतं. पण गोठवलेला फरक कोण भरणार, हे सांगणारा उमेदवार मला जास्त प्रामाणिक वाटतो.

घराची गोष्ट याहून गुंतागुंतीची. न्यू जर्सीत घरावरचा मालमत्ता कर देशात सर्वांत जास्त; २०२४ मध्ये सरासरी बिल १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो. कराचा आकडा गाव, शाळामंडळ आणि काउंटी ठरवतात, आमदार नाही. राज्याच्या हातात मुख्यतः शाळांचं अनुदान आणि करातला परतावा. परताव्यानं वृद्ध घरमालकाला दिलासा मिळतो हे खरं, पण घरं कमीच असतील तर भाडं खाली येत नाही.

इथे माउंट लॉरेलचं नाव येतं. हे दक्षिण न्यू जर्सीतलं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना परवडतील अशी घरं बांधायला गावानं परवानगी दिली नाही. एथेल लॉरेन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कुठलंही वाढतं गाव जमीनवापराचे नियम हत्यारासारखे वापरून गरिबाला बाहेर ठेवू शकत नाही. आपल्या वाट्याची परवडणारी घरं त्यानं होऊ दिलीच पाहिजेत. गावांनी पळवाटा शोधल्या, खटले चालले, १९८३ मध्ये न्यायालयाला आणखी कडक निकाल द्यावा लागला. २०२४ मध्ये विधिमंडळानं नवा कायदा करून प्रत्येक गावाच्या वाट्याचा हिशेब राज्याच्या खात्याकडे सोपवला आणि दहा वर्षांचं वेळापत्रक घातलं. त्यालाही काही गावांनी कोर्टात आव्हान दिलं. चांगली शाळा बघून उपनगरात घर घेतलेल्या आपल्या माणसांनाही हा प्रश्न चुकत नाही. शेजारी चार मजली इमारत येणार म्हटल्यावर गावाच्या सभेत आपण कोणत्या बाजूला उभे राहतो? भारतातून परवा आलेला, एका खोलीत आणखी दोघांसोबत राहणारा मुलगा याच इमारतीची वाट बघत असतो.

प्रवासाचं थोडक्यात. एनजे ट्रान्झिटचं भाडं जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांनी वाढलं आणि त्यानंतर दर जुलैला ३ टक्के वाढ ठरवून टाकली गेली. मोठ्या कंपन्यांवरचा जादा कर तेवढा या सेवेच्या मदतीला आला. हे दोन्ही राज्याचे निर्णय होते.

आता भीती. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ या नावानं टोळ्या फिरू लागल्या. हे नाव आपल्या बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून पडलेलं. भारतीयांना शहरातून हाकलून लावण्याची धमकी देणारं पत्र स्थानिक वर्तमानपत्राकडे आलं. त्याच सप्टेंबरमध्ये होबोकनच्या रस्त्यावर नवरोज मोदी या पारशी तरुणाला इतकं मारलं की चार दिवसांनी तो गेला. खुनाच्या गुन्ह्यात कुणीही दोषी ठरलं नाही. शिक्षा झाल्या त्या मारहाणीच्या कलमांखाली. भारतीय विद्यार्थ्यांनी आणि दुकानदारांनी रस्त्यावर उतरून आवाज उठवला, आणि पुढे राज्यानं द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षेची तरतूद केली. बरोबर तीस वर्षांनी त्याच होबोकनमध्ये भल्लांच्या फोटोवर दहशतवादाचा शिक्का मारलेली पत्रकं गाडीगाडीवर लावली गेली. ते तरीही जिंकले.

आजची भीती वेगळ्या गणवेशात येते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याचे महाधिवक्ते गुरबीर ग्रेवाल यांनी निर्देश काढला. स्थानिक पोलिसांनी तपासाला गरज नसताना कोणाचा व्हिसा वा रहिवासी दर्जा विचारायचा नाही आणि केंद्राच्या स्थलांतर धाडींत सामील व्हायचं नाही, असा त्याचा गाभा. २०२१ मध्ये अपील न्यायालयानं तो ग्राह्य धरला. पण निर्देश म्हणजे कायदा नव्हे. पुढचा महाधिवक्ता तो मागे घेऊ शकला असता. म्हणून त्याचा कायदा करा, ही मागणी प्रचारात सतत येत राहिली. इथेही राज्याच्या हाताला मर्यादा आहे. खासगी कंपन्यांनी चालवलेल्या स्थानबद्धता केंद्रांना मनाई करणारा कायदा न्यू जर्सीनं २०२१ मध्ये केला होता. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयानं एका कंपनीच्या दाव्यात तो लागू करता येणार नाही असं ठरवलं. नेवार्कचं डिलेनी हॉल केंद्र तोवर सुरूही झालं होतं आणि त्याच्या फाटकाशी महापौर रास बराका यांना अटकही झाली होती.

मग राज्याच्या कायद्यानं साधतं काय? घरमालकानं हिवाळ्यात हीटिंग बंद ठेवलं, मालकानं ओव्हरटाइम बुडवला, नवऱ्यानं हात उचलला, तर तक्रार नोंदवायला माणूस पोलिसात किंवा सरकारी खात्यात जातो. तिथे गेल्यावर आपल्याच कागदांची चौकशी होईल असं वाटलं तर तो जाणार नाही. मग भाडेकरूचा कायदा कितीही चांगला असला तरी कागदावरच राहतो. घाबरलेला भाडेकरू मुकाट्यानं वाढीव भाडं देतो, आणि त्या इमारतीतल्या सगळ्यांचंच भाडं चढतं. ज्याच्या पत्रकात एका पानावर भाडं आणि दुसऱ्यावर पोलीस आहेत, त्याला या दोन पानांमधला धागा सांगता येतो का, हे मी बघेन.

एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेली असंख्य मराठी माणसं या राज्यात मालमत्ता कर भरतात, वीजबिल भरतात, आणि मत देऊ शकत नाहीत. ट्रेन्टनमध्ये विधेयक समितीपुढे येतं तेव्हा मात्र नाव नोंदवून कुणालाही बोलता येतं, तिथे मतदार ओळखपत्र मागत नाहीत. राज्याचा अर्थसंकल्प दरवर्षी ३० जूनच्या आत मंजूर व्हावा लागतो. परताव्याची रक्कम आणि शाळांचं अनुदान ठरवणाऱ्या सुनावण्या त्याआधीच्या वसंतात होतात.