दोन कोटी वर्षांत एक सेकंद

१ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला सुटली. आइनस्टाइनच्या १९०५ सालच्या सिद्धान्तानुसार चालत्या गाडीतलं घड्याळ वेगापायी मंदावतं. एसटीत किती? हिशेब शाळकरी मुलालाही जमेल.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. प्रकाश सेकंदाला ३० कोटी मीटर जातो. पहिल्याला दुसऱ्याने भागा, वर्ग करा, निम्मं करा. दशांश चिन्हापुढे १४ शून्यं, मग १५४. गाडी या वेगाने अखंड धावत राहिली, तर एक सेकंद मागे पडायला दोन कोटी वर्षं लागतील!

नगर-पुणे जाऊन-येऊन चार तास धरा, रस्ताही नगरच्याच उंचीवरचा धरा. तफावत भरते २२ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी बावीस. तेवढ्यात प्रकाश जेमतेम साडेसहा मिलिमीटर सरकतो. (पूर्ण फेरी मुद्दाम घेतली. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम याहून बराच मोठा असतो, पण पश्चिमेला जाऊन पूर्वेला परतलं की तो फिटतो.)

पण रस्ता एका उंचीवर कुठे असतो? उंचावर गुरुत्वाकर्षणामुळे घड्याळ जलद चालतं, आणि मला खरं थक्क करतं ते हे : ताशी ६० चा सगळा परिणाम पुसायला अवघी १४ मीटर उंची पुरते. त्याच वेगाने चेंडू सरळ वर फेकला तर हवेचा अडथळा सोडून तो नेमका तेवढाच वर जातो. दोन्हीकडे गणित एकच. पुणे नगरपेक्षा सुमारे ९० मीटर खाली आहे. पुण्यात नुसतं एक दिवस राहिलं तरी नगरच्या मानाने जवळपास ८५० पिकोसेकंदांचा फरक पडतो, एसटीच्या ३८ फेऱ्यांइतका.

हे कागदावरच राहिलेलं नाही. २०१० साली अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमच्या आयनांवर चालणाऱ्या घड्याळांनी ताशी ३६ किलोमीटरहून कमी वेगाचा आणि फक्त ३३ सेंटिमीटर उंचीचा फरक प्रत्यक्ष मोजून दाखवला.

आता अकोले तालुक्यातलं कळसूबाई घ्या : १,६४६ मीटर, नगरहून जवळपास हजार मीटर उंच. तिथलं घड्याळ नगरच्या घड्याळाबरोबर चालवायचं, तर ते शिखराभोवती ताशी ५०० किलोमीटर वेगाने फिरवत ठेवावं लागेल.