गुण्या आणि नॉर्मल स्कूल

भूमितीच्या तासाला आपण कंपासपेटीतला गुण्या वापरतो. लॅटिन भाषेत सुताराच्या गुण्याला ‘नॉर्मा’ म्हणत. कोन बरोबर आहे की नाही, हे तो लावून पाहायचे. ‘नॉर्मल’ हा शब्द त्यावरूनच आला. १७९५ मध्ये पॅरिसला शिक्षक घडवणारी ‘एकोल नॉर्माल’ सुरू झाली. तेव्हा नॉर्मल स्कूल म्हणजे साधारण शाळा नव्हे. शिकवावे कसे, याचा नमुना जिथे पाहायला मिळतो ती शाळा.

१८३९ मध्ये अमेरिकेतील पहिले सरकारी नॉर्मल स्कूल लेक्सिंग्टन येथे उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या अवघ्या तीन! त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार मुंबईहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या. १८६२ साली निधन होईपर्यंत त्यांनी तिथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले.

जोतीराव फुले यांनी मित्रासोबत नगरला जाऊन या शाळा पाहिल्या. तिथले शिकवणे पाहून आपल्याला समाधान वाटले, असे त्यांनी १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ला सांगितले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पण मुलींना शिकवणारी बाई आणायची कुठून? ती घडवावीच लागणार होती. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले होतेच. शिवाय नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विषय येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसेच हे. म्हणून नॉर्मल स्कूलला जोडून मुलांची खरीखुरी शाळा असे. उमेदवाराने आधी अनुभवी शिक्षकाचा पाठ पाहायचा, मग त्याच्या देखत स्वतः पाठ घ्यायचा आणि शेवटी दोघांनी चर्चा करायची. आपले सराव पाठ ही त्याचीच परंपरा.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. पण मुदत वाढली म्हणजे शिक्षक घडला, असे होत नाही. सराव पाठ मुलांसमोर होण्याऐवजी नुसते वहीत उतरले, तर गुण्या पेटीतच राहिला म्हणायचा.

तो बाहेर काढायला परिपत्रक लागत नाही. या आठवड्यात सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर एक तास बसू या. आणि पुढच्या आठवड्यात त्यांना आपल्या वर्गात बोलावू या.