पक्का डाग

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या यात्रेत कीर्तन ऐन रंगात आले आणि माइक मुका झाला. केबलचा डाग मीच दिला होता. सांगलीला परतल्यावर ती उघडली, तेव्हा चूक कळली. साठ टक्के कथील व चाळीस टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. पण केबलची तांब्याची जाळी उष्णता ओढून घेते. साध्या २५ वॅटच्या आयर्नचे टोक थंडावते, डाग कच्चा राहतो; अधिक वेळ टेकवावे, तर वायरचे प्लास्टिक वितळते.

म्हणून मित्रहो, सोल्डरिंग स्टेशन घेताना नुसते वॅट पाहू नका. टोकाची उष्णता ३५० अंशांच्या आसपास टिकवणारे, अर्थिंग असलेले आणि सुटी टोके सहज मिळणारे स्टेशन निवडा. जाळीला रुंद टोक लावा, सर्किटच्या दुरुस्तीला बारीक. डाग निवल्यावर तार हलकेच ओढून पाहा. मी तेवढेही केले नव्हते.