हौद उपसण्याची घाई

अंगणातल्या हौदात चुकून साबणाचं पाणी गेलं, की बहुतेकजण आधी हौद पूर्ण उपसतात, घासतात आणि नळाचं पाणी भरतात. हेतू चांगला असतो, पण मासे अनेकदा या सफाईनेच दगावतात. भिंतींवरच्या, गोट्यांवरच्या बुळबुळीत थरात नायट्रीकारक जिवाणू (माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे) राहतात. तो थर घासणं म्हणजे विरजणासकट दह्याचं भांडं विसळून टाकणं. नवा थर धरायला काही आठवडे जातात. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं, ते वेगळंच.

मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर पहिली निकड हवेची. पंप किंवा कारंजं लावा, खाणं थांबवा. मग साधारण चौथा हिस्सा पाणी काढून तेवढंच क्लोरीनमुक्त (सोडियम थायोसल्फेट घातलेलं) पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कीटकनाशकाचं मात्र निराळं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं अगदी अल्प मात्रेतही माशांना मारक असतात. तिथे मासे ताबडतोब स्वच्छ, क्लोरीनमुक्त पाण्याच्या टबात हलवावेत. हौद खुशाल उपसा.