खोडाचे दुखणे : द्राक्षवेलीपासून आपल्या संत्र्यापर्यंत



आपण सारे ऊस उत्पादक. पण सातपुड्याच्या पायथ्याशी तेल्हारा-अकोट भागात ज्यांच्या वावरात ऊस आहे, त्यांच्यापैकी काहींचा संत्र्याचा बगीचाही आहे. उसात चुकले तर फड मोडून नवे बेणे लावता येते. संत्र्याचे तसे नाही. कलम लावून पाच-सहा वर्षे पोसावे, तेव्हा कुठे फळ हाती लागते. ऐन भरातले झाड डिंक्याने वाळले की तेवढी वर्षे मातीत जातात. म्हणून आज थोडे खोडाविषयी.

खोडाच्या रोगाशी माणसाची झुंज फार जुनी. युरोपात द्राक्षवेलीच्या खोडात बुरशी शिरून आतले लाकूड भुसभुशीत होते. या रोगाला 'एस्का' म्हणतात. चकमकीची ठिणगी धरायला जो भुसभुशीत पदार्थ वापरीत, त्याचेच हे लॅटिन नाव. औषध नव्हते तेव्हा तिकडले शेतकरी रोगट खोड चिरून फटीत दगड बसवीत. हेतू हा, की आत हवा जावी आणि कुज वाळावी. पुढे विसाव्या शतकात सोमलाचे औषध, सोडियम आर्सेनाइट, निघाले. ते लागू पडे, पण फवारणाऱ्याच्या जिवाला घातक. फ्रान्सने २००१ साली ते बंद केले.

दुसरा मार्ग छाटणीचा. फ्रान्सच्या शारांत भागात पुसार नावाच्या बागाईतदाराची एक रीत होती. लाफों यांनी ती १९२१ साली पुस्तकात मांडली. छाटणीच्या जखमा खोडाच्या एकाच अंगाला ठेवायच्या, म्हणजे दुसऱ्या अंगाने रसाची वाट अखंड राहते. औषध बंद झाल्यावर लोक पुन्हा या रीतीकडे वळले. रोग लाकडात मुरल्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. जखम जपणे हाच उपाय.

आपण वापरतो ते बोर्डो मिश्रणही द्राक्षाच्याच गावचे. १८८२ साली बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांना मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार दिसल्या, बाकीच्या केवड्याने गळालेल्या. चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून मालकाने त्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला होता! प्रयोग करून त्यांनी १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले. ते निघाले पानाच्या रोगावर, पण पुढे त्याचीच पेस्ट खोडाच्या कामी आली.

आता संत्रावर्गाकडे येऊ. १८३० नंतरच्या दशकात अझोर्स बेटांवरच्या बागा डिंक गळून, बुंधा कुजून बसल्या. कारण फायटोफ्थोरा ही जमिनीत राहणारी, पाण्याबरोबर पसरणारी बुरशी. उपाय म्हणून भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी आंबट संत्र्याच्या खुंटावर कलमे बांधली. रोग आटोक्यात आला. पण पुढे त्याच खुंटावरची झाडे ट्रिस्टेझा या विषाणूरोगाने गेली. तात्पर्य, एका उपायावर विसंबून राहू नये.

आपल्याकडे कलमे जंबेरी किंवा रंगपूर लाईम खुंटावर असतात. जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते, रंगपूर त्या मानाने तग धरते. भारी काळी जमीन, निचरा कमी आणि बुंध्याशी साचलेले पाणी, इथेच रोगाला वाट मिळते. वान प्रकल्पाच्या पाण्याने ओलित झाले हे चांगलेच, पण उसाला पाट भरून पाणी देण्याची सवय बगिच्यात नेऊ नका.

मग करावे काय?

१) कलम घेताना डोळा जमिनीपासून सुमारे नऊ इंच वर बांधलेला पाहा. लावताना हा जोड मातीखाली जाऊ देऊ नका.

२) दुहेरी आळे करा. आतल्या आळ्यात पाणी सोडू नका, बुंधा कोरडा राहिला पाहिजे. पावसाळ्यात पाणी निघून जायला चर काढा.

३) कोळपताना, वखरताना खोडाला व मुळांना इजा होऊ देऊ नका.

४) डिंक दिसताच रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का द्रावणाने धुवा व बोर्डो पेस्ट लावा. काढलेली साल जाळून टाका.

५) निरोगी झाडांनाही वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व पावसाळा संपल्यावर, बुंध्यापासून तीन फुटांपर्यंत पेस्ट लावा.

पेस्टसाठी १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात भिजवा, मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकत्र ओता. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी आहे, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

उसाचेही तत्त्व हेच. बेण्याची टिपरी तोडली की दोन्ही टोकांना उघडी जखम होते, तिथून बुरशी शिरते. म्हणूनच १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम टाकून बेणे १० मिनिटे बुडवावे, असा आमचा आग्रह असतो. पुष्कळजण म्हणतात, "साहेब, एवढ्यानं काय होते?" भाऊ, दोनशे वर्षांचा अनुभव एवढेच सांगतो : रोग आत शिरल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्याची वाट आधी बुजवलेली बरी.

मृगाचा पाऊस पडण्याआधी एकदा बगिच्यात फेरी मारा. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहा. डिंक वर दिसत नाही, खालीच दिसतो.

— ऊस विकास अधिकारी