सोडा, ढकला, थांबा, आवळा

नळाच्या तोटीच्या आतला आटे पाडलेला दांडा, मोटारसायकलच्या ब्रेकमधली पिन, शिलाई मशीनमधले छोटे गोल भाग... अशा वस्तू हजारोंनी लागतात आणि सगळ्या अगदी एकसारख्या लागतात. पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर इथल्या कितीतरी छोट्या कारखान्यांत असे भाग लेथवर बनतात. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात एका जागी राहून तिला आकार देतो. लेथवरही तसंच. धातूचा गज, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत बार, फिरतो आणि हत्यार त्याला तासतं.

सीएनसी लेथवर हत्यार कुठे आणि किती वेगानं न्यायचं, हे प्रोग्रॅममधले आकडे सांगतात. पण एक भाग तयार होऊन तुटला की पुढचा भाग कशातून करायचा? कुणीतरी चक, म्हणजे बार पकडणारा पंजा, उघडून बार पुढे ओढायला हवा. हे काम दिवसभर न थकता करणारं यंत्र म्हणजे बार फीडर. तो लेथच्या मागे असतो आणि लेथच्या पोकळ स्पिंडलमधून बार पुढे ढकलतो.

ढकलणं सोपं आहे. अवघड आहे ते दोन यंत्रांनी एकमेकांसाठी थांबणं. ते समजण्यासाठी वर्गातच एक प्रयोग करून पाहू.

डाव्या मुठीत पेन्सिल आडवी धरा. मूठ म्हणजे चक. उजव्या हाताच्या बोटानं पेन्सिल मागून सतत ढकलत रहा. हे बोट म्हणजे बार फीडर. समोर एका विद्यार्थ्याला वही उभी धरायला सांगा. ती वही म्हणजे स्टॉपर, बारला अडवणारा ठोकळा. आता मूठ सैल करा. पेन्सिल पुढे सरकते, वहीला टेकते आणि थांबते. मूठ आवळा, मगच वही बाजूला घ्या. दुसऱ्या वेळी वही धरायच्या आधीच मूठ सैल करा. पेन्सिल जमिनीवर पडेल! कारखान्यात त्या पेन्सिलीच्या जागी लोखंडी बार असतो. क्रम चुकला तर बार वेडावाकडा पुढे येतो आणि हत्यार त्यावर आदळतं.

आता हेच आकड्यांत मांडू. समजा, भागाची लांबी ३८ मि.मी. आहे. तो तोडणारं हत्यार ३ मि.मी. रुंद आहे, म्हणजे तेवढा धातू भुश्यात जाणार. पुढचं तोंड साफ करायला अर्धा मि.मी. हवा. एका भागामागे बार किती सरकायला हवा? ३८ + ३ + ०.५ = ४१.५ मि.मी. भागाचं पुढचं तोंड जिथे हवं ती जागा शून्य मानू. भाग तुटल्यावर बारचं टोक उणे ४१ वर असतं. ते अधिक ०.५ वर आणायचं आहे.

प्रोग्रॅमचा क्रम मग असा होतो: स्पिंडल थांबवा. स्टॉपर बारच्या टोकाजवळ, उणे ४० वर आणा. चक उघडा. एक सेकंद थांबा. स्टॉपर सावकाश अधिक ०.५ पर्यंत मागे घ्या. ढकलला जाणारा बार त्याला टेकून मागोमाग येईल, आपटणार नाही. चक आवळा. पुन्हा एक सेकंद थांबा. स्टॉपर दूर न्या आणि काम सुरू करा.

यातल्या 'थांबा'साठी जी ०४ हा संकेत असतो. नवशिक्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण हुकूम क्षणात पोचला, तरी चकचे जबडे हलायला वेळ लागतो. चक उघडण्या-आवळण्याचे संकेत मात्र सगळीकडे सारखे नसतात. काही यंत्रांवर ते एम ६९ आणि एम ६८ असतात, तर काहींवर एम ११ आणि एम १०. म्हणून एका यंत्राचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर डोळे मिटून चालवू नये.

एक भाग झाला की एम ९९ हा संकेत प्रोग्रॅमला पुन्हा पहिल्या ओळीवर नेतो. पण कधीपर्यंत? बार कधीतरी संपणारच. तसं झालं तर चक आखूड तुकडा कसाबसा धरेल आणि तो फिरताना निसटून उडेल. म्हणून ढकलणारा दांडा ठरावीक जागेपलीकडे गेला की फीडर 'बार संपला' अशी खूण पाठवतो. प्रत्येक भाग तोडल्यावर प्रोग्रॅमनं विचारायचं: खूण आली का? नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून. आली असेल, तर उरलेला तुकडा काढून नवा बार घ्यायचा, किंवा एम ३० देऊन थांबायचं.

सुरक्षिततेचा आणखी एक मुद्दा. स्पिंडलच्या मागे बार आधाराविना लोंबत असेल, तर वेगानं फिरताना तो किंचित वाकतो. वाकला की त्याचा तो भाग अक्षापासून दूर जातो, बाहेर फेकला जाण्याची ओढ वाढते आणि तो आणखी वाकतो. क्षणात त्याचा चाबूक होतो. म्हणून बार स्पिंडलच्या आतच मावावा, नाहीतर त्याला पूर्ण लांबीचा आधार द्यावा आणि प्रोग्रॅममध्ये फेऱ्यांची कमाल मर्यादा लिहावी.

आता विद्यार्थ्यांसाठी गणित. बार १००० मि.मी. लांब आहे. शेवटचे ६० मि.मी. चकला धरायला ठेवावेच लागतात. उरले ९४०. भागिले ४१.५ केलं की २२ भाग होतात आणि ८७ मि.मी.चा तुकडा वाया जातो. तोडणारं हत्यार ३ ऐवजी २ मि.मी. रुंद घेतलं तर? ९४० भागिले ४०.५, म्हणजे २३ भाग! एका मिलिमीटरनं प्रत्येक बारमागे एक भाग जास्त मिळाला. हजार बारमागे हजार. मग याहून बारीक हत्यार का घेत नाहीत? बारीक हत्यार लवकर मोडतं. कुठे थांबायचं, हा निर्णय आकडेमोडीइतकाच अनुभवाचाही असतो.

लेथला क्रम शिकवण्याची कल्पना नवी नाही. १८७३ साली अमेरिकेत ख्रिस्टोफर स्पेन्सर यांनी स्वयंचलित लेथचं पेटंट घेतलं. त्यात फिरत्या पिंपावर बसवलेल्या कॅमच्या चढ-उतारांवर हत्यारं पुढे-मागे होत. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत भोकं पाडलेल्या पट्टीवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं. तेव्हा तो क्रम लोखंडातून आकड्यांत आला.

हातानं काम करणारा कारागीर बार सरकला का, घट्ट बसला का, संपत आला का, हे न बोलता पाहत असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याची ही सगळी न बोललेली दक्षता शब्दांत उतरवावी लागते. विद्यार्थ्यांना पेन्सिल ढकलण्याच्या प्रयोगाच्या सूचना कागदावर लिहायला सांगा आणि दुसऱ्या गटाला त्या अक्षरशः पाळायला सांगा. पेन्सिल पडली, तर कोणती ओळ लिहायची राहिली, हे त्यांनीच शोधून काढावं.