कार्ड गेलं, घड्याळ राहिलं

दिवसभर उघड्या राहणाऱ्या स्क्रीन सांभाळणं हे माझं काम. दवाखान्यातला टोकनचा बोर्ड घ्या. टीव्हीवर दिसतं ते खरं तर एक वेब पेजच असतं. घरी आपण टॅब बंद करतो, ब्राउझर त्याची सगळी मेमरी मोकळी करतो आणि आत काय साचलं होतं ते कुणाला कळतही नाही. बोर्ड मात्र सकाळी लावला की रात्रीपर्यंत कुणी हात लावत नाही. दुपारनंतर तो रखडायला लागला की माझा फोन वाजतो.

या बोर्डावर प्रत्येक टोकनचं एक कार्ड असतं. ते वेब कंपोनंट म्हणून लिहिलेलं असतं, म्हणजे स्वतःचा एचटीएमएल टॅग असलेला, आपलं आपण चालणारा तुकडा. कार्ड पानावर आलं की ब्राउझर त्याचं ‘कनेक्टेडकॉलबॅक’ चालवतो. तिथे पेशंट किती वेळ थांबलाय ते दाखवायला दर सेकंदाचा टायमर सुरू होतो आणि मराठी-इंग्रजी बदलाची खबर मिळावी म्हणून विंडोवर एक लिसनर बसतो. पेशंट आत गेला की कार्ड काढलं जातं. स्क्रीनवरून ते जातं, टायमर मात्र चालूच राहतो. भाडेकरू घर सोडून गेला, पण दूधवाल्याला सांगायचं राहिलं, तसं.

ब्राउझरचा सफाई कामगार, म्हणजे गार्बेज कलेक्टर, एकच गोष्ट बघतो: जिवंत गोष्टींना धरून धरून इथपर्यंत पोचता येतं का? जॉन मॅकार्थींनी १९६० साली लिस्प भाषेसाठी मांडलेली ही कल्पना अजून चालते. टायमरने फंक्शन धरलेलं, फंक्शनने कार्ड धरलेलं, कार्डाने पोटातलं सगळं. मग ते फेकणार कसं?

उलट कार्डाच्या आतल्या बटणावरचा लिसनर हटवायची गरज नसते. बाहेरून कुणी धरलेलं नसेल तर कार्ड, बटण, लिसनर सगळं एकदम जातं. तरी काही जण एकूण एक लिसनर हटवत बसतात. ही भीती बहुधा इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळातली. एकमेकांना धरून बसलेल्या वस्तू त्याला खरंच सोडवता येत नसत.

बाहेरचं जे धरलं ते सोडायची जागा म्हणजे कार्ड काढल्यावर ब्राउझर चालवतो ते ‘डिसकनेक्टेडकॉलबॅक’. टायमर तिथे थांबवायचा. लिसनर हटवताना जोडलेलं तेच फंक्शन द्यावं लागतं. जोडताना ‘बाइंड’ आणि काढताना पुन्हा ‘बाइंड’ केलं, तर ती दोन वेगळी फंक्शन्स होतात. काहीच हटत नाही आणि एररही येत नाही. असली गुपचूप चूक शोधण्यात दुपार जाते. म्हणून मी अ‍ॅबॉर्टकंट्रोलर वापरते: प्रत्येक लिसनरला त्याचा सिग्नल द्यायचा आणि शेवटी एकदाच ‘अबॉर्ट’. एकदा अबॉर्ट केलेला कंट्रोलर परत चालत नाही, त्यामुळे नवा करायचा तो कनेक्टेडकॉलबॅकमध्ये, कन्स्ट्रक्टरमध्ये नाही.

कारण कार्ड परत येऊ शकतं. ‘प्रतीक्षेत’मधून ‘आत बोलावलं’मध्ये नुसतं सरकवलं, तरी ब्राउझर आधी काढल्याचं आणि मग जोडल्याचं फंक्शन चालवतो. क्रोममध्ये २०२५ पासून ‘मूव्हबिफोर’ आलंय. कार्ड त्याने सरकवलं आणि कार्डात ‘कनेक्टेडमूव्हकॉलबॅक’ लिहिलेलं असेल, तर ही काढघाल टळते.

संशय आला तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मेमरी टॅबवर हीप स्नॅपशॉट घ्या आणि वरच्या फिल्टरमध्ये ‘डिटॅच्ड’ टाइप करा. स्क्रीनवरून कधीच गेलेली कार्डं तिथे ओळीने हजर असतात, आणि प्रत्येकाला कुणी धरून ठेवलंय तेही खाली दिसतं. एक मात्र: टॅब बंद केला की डिसकनेक्टेडकॉलबॅक चालत नाही. माहिती सेव्ह करायचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नका, त्यासाठी ‘व्हिजिबिलिटीचेंज’ हा इव्हेंट बरा.